चार अंशांचं रजिस्टर

देवानंद सरांना माणसांशी बोलायचा कंटाळा होता, म्हणून त्यांनी प्रश्नावली काढली होती. चोवीस प्रश्न, कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलेले, वर कंपनीचं रंगीत चिन्ह. अमरावतीतली आमची कंपनी अकरा माणसांची. एखाद्याचा धंदा रोज कसा चालतो ते समजून घ्यायचं आणि त्याला बसेल असं सॉफ्टवेअर बनवून द्यायचं, हे आमचं काम. त्यातलं समजून घ्यायचं काम माझ्याकडे होतं आणि समजलं असं गिऱ्हाइकाला सांगायचं काम सरांकडे.

गेल्या मे महिन्यात आम्हाला अकोल्याची एक औषधांची एजन्सी मिळाली. मालक जीवन मेहरे; सगळे त्यांना जीवनभाऊ म्हणत. मोठ्या कंपन्यांकडून औषधं घ्यायची आणि बाळापूरपासून धारणीपर्यंतच्या दुकानांना पोचवायची, असा त्यांचा व्यवसाय. त्यात इन्सुलिन होतं, म्हणून मोर्णा नदीच्या काठच्या गोदामात एक कोल्ड रूमही होती. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत राहिलं तर औषध, नाहीतर बाटलीत भरलेलं पाणी.

मी जायच्या आधीच सरांनी प्रश्नावल्या पाठवून दिल्या होत्या. आठवड्याभरात एकोणीसच्या एकोणीस भरून परत आल्या. त्यातल्या अठरा एकाच अक्षरात, एकाच निळ्या पेनाने भरलेल्या. ‘आपल्या कामात कोणत्या अडचणी येतात?’ यापुढे अठरा वेळा ‘नाही’. ‘आपल्या सूचना’ यापुढे अठरा वेळा ‘सर्व ठीक’. एकोणिसावी वॉचमनची होती. त्याने सूचनांच्या जागी एकच शब्द लिहिला होता : खुर्ची.

“शंभर टक्के प्रतिसाद,” सर म्हणाले. “प्रियदर्शनी, आता तू फक्त जाऊन शिक्कामोर्तब करून ये.”

मी चौदा वर्षं हे काम करते आहे. अठरा माणसं एका अक्षरात लिहीत नाहीत, एवढं ज्याला दिसत नाही त्याने दुसरा धंदा बघावा. पण सरांना ते सांगून उपयोग नव्हता. या विषयावर त्यांनी एका इंजिनिअरिंग कॉलेजात व्याख्यान दिलं होतं.

अकोल्यात त्या दिवशी पंचेचाळीस अंश होते. जीवनभाऊंच्या केबिनमध्ये मात्र मला अंगावर ओढणी घट्ट घ्यावी लागली. त्यांनी पावणेदोन तास मुलाखत दिली. त्यातला दीड तास त्यांच्याविषयी होता : आजोबा टोपलीत भाजी विकायचे, वडील हातगाडीवर, आणि आता हे. ऐकायला वाईट नव्हतं. पण मी विचारलेल्या एकाही प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

“आमच्याकडे सिस्टीम आहे मॅडम,” ते म्हणाले. “सिस्टीमबाहेर पान हालत नाई.”

“लाईन गेली की कोल्ड रूमचं काय होतं?”

“जनरेटर.”

“तो सुरू कोण करतं?”

“आपोआप होते.”

“शेवटचा कधी सुरू झाला होता?”

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, “मॅडम, तुमी सॉफ्टवेअरवाल्या का जनरेटरवाल्या?” आणि स्वतःच हसले. दाराशी उभे असलेले दोन कारकूनही हसले. हसणं बहुधा त्यांच्या कामातच धरलेलं असावं.

माझा एक नियम आहे. कोणी काही सांगितलं की मी ते लिहून घेते, त्याला वाचून दाखवते आणि खाली सही घेते. जीवनभाऊंनी फोनवर बोलता बोलता सही केली. मी काय वाचलं ते त्यांनी ऐकलं नाही. स्वतः बोललेलंही ते फारसं ऐकत नसावेत.

दुपारी मी कोल्ड रूमचं रजिस्टर मागितलं. दिवसातून सहा वेळा आतलं तापमान बघून लिहायचं, असा कायदा. गेल्या दोन वर्षांची रजिस्टरं आली. सुबक, मोत्यासारखं अक्षर. आकडा एकच : ४. मे महिन्यात चार, जानेवारीत चार. गोदामाला सुट्टी होती त्या दिवशीही चार. मागच्या वर्षीचा जून उघडला. तीस तारखेच्या पानानंतर एकतीस जूनचं पान होतं. जगात नसलेल्या त्या दिवशीही कोल्ड रूम सहा वेळा तपासलेली होती, आणि सहाही वेळा चार.

बाहेर फाटकाशी वॉचमन सहदेव एका पालथ्या क्रेटवर बसलेला होता. खरं सांगायचं तर मुलाखतींच्या माझ्या यादीत त्याचं नाव नव्हतं. वॉचमनला काय विचारायचं, असं मलाही वाटलं होतं. सरांना मी नावं ठेवते, पण हा माज माझ्यातही होताच. मी त्याच्याकडे गेले ते फक्त चहा कुठे मिळेल ते विचारायला.

“सावलीत बसा मॅडम,” तो म्हणाला. “आता लाईन जाते. उन्हाळ्यात एक वाजला का जातेच.” आणि त्याने खिशातून एक चुरगळलेली वही काढली.

“हे काय लिहिता?”

“लाईन कवा गेली, कवा आली. लाईन गेली का माह्या खोलीत उकळते, मंग मी बाहेर बसतो. भाऊ म्हने तू झोपाले जाते. म्हनून लिहून ठेवतो. उद्या कोनी खोटं नको म्हनाले.”

“पण जनरेटर आहे ना?”

“त्याची बॅटरी दिवाळीपासून भाऊच्या वावरात आहे. पंपाले.”

मी त्याच्याशेजारी भुईवरच बसले. वहीत सात महिन्यांचा हिशेब होता, स्वतःची झोप वाचवायला ठेवलेला. नऊ मे : लाईन गेली एक दहाला, आली पाच चाळीसला. मी रजिस्टर आणून बाजूला धरलं. नऊ मे, दोन वाजता चार. चार वाजता चार. अशा त्रेचाळीस दुपारी सापडल्या. मी दोन रकान्यांचा तक्ता केला, एकात सहदेवची वेळ, दुसऱ्यात रजिस्टरचा आकडा. सहदेवने वाचून घेतला आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मी माझा स्वतःचा थर्मामीटर कोल्ड रूममध्ये ठेवला. दुपारी साडेतीनला आत एकोणीस अंश होते. कप्प्यात इन्सुलिनचे खोके रांगेने लावलेले, सगळ्यांवर थंड ठेवायच्या खुणेचं, बर्फाच्या फुलाचं चित्र.

रजिस्टर लिहिणारा धर्मपाल पंचेचाळिशीचा, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस होता. त्याने आधी माझं आडनाव विचारून घेतलं.

“तायडे म्हंजे बडनेऱ्याचे? पोस्टात होते ते तायडे साहेब तुमचे वडील? जयभीम ताई. माह्या मोठ्या भावाचा नोकरीचा अर्ज त्याइनंच भरून देल्ला होता.”

मी जयभीम म्हटलं आणि रजिस्टर त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते उघडलंही नाही.

“वेगळा आकडा लिहिला का पयला प्रश्न मलेच येते, ताई. काहून वाढलं? मी काय मशीन आहो का? पयल्या वर्षी लिहिलं होतं म्या. अकरा. भाऊनं पान फाडलं अन् मलेच म्हने, दार उघडं ठेवलं असशील. तवापासून चार.”

“आणि एकतीस जून?”

तो ओशाळला. “हात चालत गेला.”

“त्या प्रश्नावल्यासुद्धा तुम्हीच भरल्या?”

“अक्षर चांगलं आहे ना माहं.” मग तो म्हणाला, “ताई, माहं नाव नका येऊ देऊ. पोरगी बारावीले आहे.”

“तुमचं नाव कुठेही येणार नाही,” मी म्हटलं. हे बोलताना मला पक्कं माहीत होतं, की नाव आलं नाही तरी अक्षर त्याचंच आहे. तरीही मी बोलले, कारण मला त्याच्याकडून पुढची माहिती हवी होती. तोही मग बोलत गेला. कोणत्या दुकानाला कोणत्या वारी माल जातो, बर्फ किती घालतात, सगळं त्याला तोंडपाठ होतं.

माल जिथे पोचतो तिथपर्यंत गेल्याशिवाय मी कधीच अहवाल लिहीत नाही. म्हणून परतवाड्यावरून एस. टी.ने धारणीला गेले. सेमाडोहच्या वळणांवर बसमधली अर्धी माणसं ओकायला खिडकीशी गेली. धारणीत पंजाबरावांचं औषधाचं दुकान आहे. मी एजन्सीचं नाव सांगितल्याबरोबर त्यांनी फ्रिजमधून एक बाटली काढून माझ्या डोळ्यांसमोर धरली. पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं होतं ते औषध, त्यात पांढरे धागे तरंगत होते.

“चार खेपा फोन केला म्या अकोल्याले. चार खेपा म्हने, बघतो.”

अकोल्याचं तक्रार रजिस्टर मी पाहिलं होतं. त्यात धारणीसमोर ‘ग्राहक समाधानी’ असं चार वेळा लिहिलेलं होतं.

दुकानाच्या बाकड्यावर एक साठीच्या बाई बसल्या होत्या. केशरबाई. तिथल्याच एका शाळेत त्यांनी वीस वर्षं खिचडी शिजवली होती. त्या आपण होऊन बोलू लागल्या.

“साखर उतरतच नाई माही. डॉक्टर म्हनते, चोरून गोड खाता. सूनबी तेच म्हनते. दोनदा डोस वाढवला. बाई, शेकडो पोराइले म्या हातानं वाढलं, कधी तोंडात घास टाकला नाई. आता या वयात चोरून खाईन का?”

मी सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. त्यांनी ‘केशर’ एवढीच सही केली आणि विचारलं, “आता काय होईन?”

“आता नीट होईल,” मी म्हटलं.

अहवाल झाला. शेवटच्या दिवशी मी सगळी पानं जीवनभाऊंसमोर ठेवली, त्रेचाळीस दुपारींचा तक्ता आणि पंजाबरावांचा जबाबही. वाचून दाखवू का, विचारलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि फोन खांद्याला दाबून प्रत्येक पानावर सही केली. माणसाने स्वतःच्या सहीला एवढं स्वस्त करू नये.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या केबिनमध्ये सादरीकरण झालं. देवानंद सरांनी माझ्या अहवालातली अकरा पानं गाळून टाकली होती. त्या जागी पडद्यावर एक हिरवं वर्तुळ आलं आणि खाली अक्षरं : तापमान व्यवस्थापन समाधानकारक. मी उभी राहिले आणि गाळलेली पानं वाचायला घेतली. सर दोनदा खोकले. मी वाचत राहिले.

वाचून झाल्यावर जीवनभाऊंनी घंटी दाबली. धर्मपाल आत आला.

“हे अक्षर तुहं?”

धर्मपालने आधी माझ्याकडे पाहिलं. “हो भाऊ.”

“उद्यापासून येऊ नको.”

तो गेला. जीवनभाऊ माझ्याकडे वळले. “झालं मॅडम? सिस्टीममधला दोष काढून टाकला.” मग सरांना म्हणाले, “मले सांगा, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हा चारचा आकडा आपोआप येईन असं करता येते का?”

सरांनी क्षणभरही विचार केला नाही. “सहज. आकडा आधीच भरलेला येईल. माणसाने फक्त बटण दाबायचं.”

“म्हंजे अक्षराची भानगडच नाई,” जीवनभाऊ म्हणाले, आणि दोघेही प्रसन्न झाले. मी त्या दोघांकडे बघत होते. एकाला चोरीसाठी हत्यार हवं होतं आणि दुसरा त्याची लांबी-रुंदी विचारत होता.

परत येताना गाडीत सर म्हणाले, “आपण माहिती गोळा करतो, प्रियदर्शनी. निवाडा करत नाही.”

“गोळा करून तुम्ही ती गाळता,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सही केलेल्या सगळ्या पानांच्या प्रती घेऊन मी औषध निरीक्षकांच्या कचेरीत गेले. जीवनभाऊंना ते पुढे नाकारता आलं नाही. प्रत्येक पानावर त्यांचीच सही. आठवड्याभरात तपासणी झाली, कोल्ड रूमला सील लागलं, आतला सगळा माल नष्ट झाला. जीवनभाऊंना नवं यंत्र बसवावं लागलं, तापमान आपलं आपण नोंदवणारं. आमच्या कंपनीचं काम गेलं आणि मलाही काढून टाकलं. सरांनी पाठवलेल्या पत्रात ‘विश्वासघात’ हा शब्द तीनदा होता. मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट महिनाभर मी फुशारकीत होते. ज्याला त्याला एकतीस जूनची गोष्ट सांगत होते आणि लोक हसत होते. धर्मपालचा विचार येई, पण तो मी बाजूला सारत होते. मोठ्या कामात एवढं चालायचंच, असं मनाशी म्हणत होते. जीवनभाऊही स्वतःशी असंच काहीतरी म्हणत असतील.

जुलैच्या मध्यावर पंजाबरावांचा फोन आला.

“मॅडम, केशरबाई दवाखान्यात आहे.”

“काय झालं? नवा माल आला नाही का?”

“आला ना. चांगला माल आला, म्हनूनच झालं. त्याइचा डोस दोनदा वाढवला होता ना, पाण्यासारख्या औषधाचा. तोच डोस त्याइनं या चांगल्या औषधाचा घेतला. साखर एकदम उतरली. दरदरून घाम आला, अंगनात पडल्या, हात मोडला. सुनेनं तोंडात साखर घातली म्हनून वाचल्या. डोस कमी कराले पायजे होता, हे कोनाच्या ध्यानातच नाई आलं. माह्याबी नाई.”

चौदा वर्षं मी लोकांना विचारत आले, काय बिघडलं आहे. बिघडलेलं दुरुस्त झालं की कोणाला काय होईल, हे मी केशरबाईंच्या बाबतीत विचारलं नव्हतं. त्यांनी मात्र विचारलं होतं, आता काय होईन म्हणून. आणि मी शहाण्यासारखं उत्तर दिलं होतं.

आणि केशरबाई काही एकट्या नव्हत्या. जीवनभाऊंचा माल ज्या ज्या दुकानात गेला, तिथे तिथे असा वाढवलेला डोस घेणारी माणसं असणार. मला दुकानांची यादी हवी होती. माझ्या अहवालाच्या प्रतीत फक्त मोठी बारा दुकानं होती; बाकीची कंपनीच्या संगणकावर राहिली. सरांनी फोन उचलला नाही. जीवनभाऊंनी उचलला.

“यादी? तुमी आता कोन्या कंपनीकडून बोलून राहिल्या मॅडम?”

“भाऊ, माणसं मरतील.”

“माहा माल आता एक नंबर आहे. कागद आहे माह्याजवळ.” आणि फोन ठेवला.

उरला धर्मपाल. तो बाळापूरला एका मेडिकलवर काउंटर सांभाळतो, असं सहदेवकडून कळलं. मी फोन करून सगळं सांगितलं.

“म्हंजे आता पुन्हा माहिती पायजे तुमाले,” तो म्हणाला.

“हो.”

“तवाबी पायजे होती. घेतली. म्या देल्ली. पोरीची शिकवणी बंद केली म्या, ताई. तुमच्या वडलाइनं दुसऱ्याचा अर्ज भरून देल्ला, तुमी माही नोकरी पुसली.”

“चुकलं माझं.”

“तुमच्यासाठी नाई सांगत. पेन घ्या.”

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. बाळापूर, पातूर, अकोट, तेल्हारा, परतवाडा, चिखलदरा, धारणी. वाराप्रमाणे, गाडीच्या रस्त्याप्रमाणे, दुकानदाराच्या नावासकट. सेहेचाळीस दुकानं, एकदाही न अडखळता. मध्येच म्हणाला, “हिवरखेडचा फोन उचलत नाई, त्याच्या शेजारच्या चक्कीवर लावा.” शेवटचं दुकान सांगून झालं आणि मी आभार मानायच्या आत फोन बंद झाला.

तीन दिवस मी फोन करत होते, पंजाबराव तिकडून करत होते. दुकानदारांना दिवाळीच्या आधीच्या आणि नंतरच्या चिठ्ठ्या शोधायला लावल्या. डोस वाढवलेली एकतीस माणसं सापडली. त्यांना परत डॉक्टरकडे पाठवायचं होतं. एक डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही कोण, तुमची पदवी काय? मी म्हटलं, बाटलीत पाणी असताना डोस वाढवायला कोणती पदवी लागली होती? त्यांनी फोन आपटला. पण डोस कमी केला. दोन माणसं आधीच चक्कर येऊन दवाखान्यात जाऊन आली होती. एक बाई लेकीकडे बऱ्हाणपूरला गेल्या होत्या, त्यांचा पत्ता चौथ्या दिवशी लागला. आमच्या माहितीप्रमाणे मेलं कोणी नाही. आमच्या माहितीपलीकडचं मी सांगू शकत नाही.

ऑगस्टमध्ये मी केशरबाईंना बघायला गेले. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात पट्टा. सुनेने चहा दिला. तिने माझ्याकडे नीट पाहिलं नाही.

“तूच आली होती ना लिहाले?” केशरबाई म्हणाल्या.

“हो.”

“एवढं लिहिलं, मंग एक फोन नाई करता आला?”

मी कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, “जाऊ दे. चोरून खात नव्हती, हे तरी पक्कं झालं ना? ते सांग हिले.” मी सुनेला सांगितलं. सून म्हणाली, ते ठाऊक झालं आहे, आणि कप उचलून आत गेली.

जीवनभाऊंच्या गोदामावर आता नवा फलक आहे : वातानुकूलित, खात्रीशीर. देवानंद सरांनी त्याच कॉलेजात पुन्हा व्याख्यान दिल्याचं कळलं. विषय माहितीची विश्वासार्हता. मी सध्या घरूनच लहानसहान कामं करते. धर्मपालसाठी दोन ठिकाणी शब्द टाकला आणि ते सांगायला त्याला तीनदा फोन केला. त्याने उचलला नाही. तिसऱ्यांदा बहुधा त्याच्या मुलीने उचलला, माझं नाव विचारलं, आणि ‘बाबा नाहीत’ म्हणाली. फोनवर मागून त्याचाच आवाज ऐकू येत होता, तो गिऱ्हाइकाला गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावून सांगत होता.